भाषांचा सेतू : सेतुमाधवराव पगडी

लातूर जिल्ह्याच्या पूर्व बाजूस, कर्नाटकाच्या सीमेला लागून, देवणी नावाचे गाव आहे. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके मिरविणाऱ्या देवणी जातीच्या गुरांमुळे या गावाचे नाव दूरवर पोहोचले आहे. या भागातील एखाद्या गुरांच्या बाजारात तुम्ही गेलात, तर एक मौज तुमच्या ध्यानात येईल. विकणारा मराठीत किंमत सांगतो, घेणारा कानडीत घासाघीस करतो, शेजारी उभा असलेला तिसरा उर्दूत आपले मत देतो, आणि तरीही सौदा पुरा होतो. कारण एकाचे बोलणे दुसऱ्यास समजावून सांगणारा एखादा जाणता माणूस तेथे असतो. त्याने खरे सांगितले, तर दोघांचेही भले होते. त्याने शब्द फिरविला, तर एकजण लुबाडला जातो. आणि आपण लुबाडले गेलो हे त्या बिचाऱ्यास कळतही नाही.

बैलाच्या सौद्यात जर एका शब्दाचे एवढे मोल, तर दोन समाजांच्या व्यवहारात ते केवढे असेल? एका भाषेतील ग्रंथ दुसऱ्या भाषेत नेणाऱ्या माणसावर केवढी जबाबदारी असेल? ही जबाबदारी ज्यांनी जन्मभर वाहिली, अशा एका पुरुषाचा जन्म देवणीच्या शेजारच्या निलंगा या गावी झाला. त्यांचे नाव सेतुमाधवराव पगडी.

सेतुमाधवरावांचा जन्म २७ ऑगस्ट १९१० रोजी झाला. निलंगा हे जुने गाव. तेथील नीळकंठेश्वराचे दगडी मंदिर आजही प्राचीन शिल्पकलेची साक्ष देत उभे आहे. त्या काळी निलंगा, उदगीर आणि देवणी हा सारा मुलूख बिदर जिल्ह्यात मोडत असे, आणि बिदर जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हे संस्थान विस्ताराने फार मोठे. त्यातील प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी. पूर्वी दरबारचा कारभार फारसीत चाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची जागा उर्दूने घेतली. शेतकऱ्याच्या तोंडी एक भाषा आणि सरकारी कागदावर दुसरी, अशी स्थिती होती. आपल्याच शेताविषयी कचेरीत काय लिहिले आहे, हे वाचून घेण्यासाठी त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागे.

सेतुमाधवराव सात-आठ वर्षांचे असताना संस्थानात एक मोठी घटना घडली. १९१७ साली हैदराबाद येथे एक भाषांतर खाते उघडले गेले. त्यास दारुल तर्जुमा म्हणत. पुढच्याच वर्षी, १९१८ साली, उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. सर्व हिंदुस्थानात उच्च शिक्षण इंग्रजीतून दिले जात असताना, या विद्यापीठाने गणित, वैद्यक, कायदा, तत्त्वज्ञान असे सर्व विषय उर्दूतून शिकविण्याचे ठरविले. त्यासाठी पुस्तके हवी होती. म्हणून दारुल तर्जुमातील विद्वानांनी परभाषांतील शेकडो ग्रंथ उर्दूत आणले आणि शास्त्रांसाठी हजारो नवे शब्द घडविले. आपल्या देशातील भाषेतून सर्वोच्च ज्ञान देता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. हे कार्य खरोखरच थोर होते.

परंतु या चित्रास दुसरी बाजूही होती. जगाचे ज्ञान इंग्रजीतून उर्दूत आले; ते तेथून मराठीत, तेलुगूत वा कानडीत आले नाही. निलंग्याच्या किंवा देवणीच्या शेतकऱ्याच्या मुलास ते ज्ञान हवे असेल, तर त्याने आधी आपली भाषा दाराबाहेर ठेवून यावे, अशीच ती व्यवस्था होती. कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत ग्रंथ न्यायचा, याचा निर्णय ज्याच्या हाती सत्ता असते तो करतो. भाषांतर हे केवळ शब्दकोशाचे काम नव्हे. एका घराचा दरवाजा उघडताना दुसऱ्या घराचा दरवाजा बंद तर राहत नाही ना, हेही त्यात पाहावे लागते.

अशा राज्यात वाढणाऱ्या मुलापुढे दोन वाटा होत्या. राजभाषा शिकून आपली भाषा विसरून जावे, ही एक वाट. आणि राजभाषेचा राग धरून तिच्याकडे पाठ फिरवावी, ही दुसरी. सेतुमाधवराव या दोन्ही वाटांनी गेले नाहीत. शिक्षणासाठी ते निलंग्याहून बाहेर पडले आणि उत्तर हिंदुस्थानात अलाहाबादपर्यंत गेले. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, फारसी, इंग्रजी अशा अनेक भाषा त्यांनी आत्मसात केल्या. नवी भाषा आली म्हणून जुनी त्यांनी टाकली नाही.

शिक्षण पुरे झाल्यावर ते हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत अधिकारी झाले. या नोकरीत त्यांस आदिलाबाद जिल्ह्यात आदिवासींसाठी नेमलेला अधिकारी म्हणून काम करण्याचा योग आला. आदिलाबादचा डोंगराळ, जंगलाने व्यापलेला प्रदेश हे गोंड आणि कोलाम या जमातींचे घर. बाहेरून आलेल्या लोकांनी त्यांच्या जमिनी हळूहळू बळकावल्या होत्या. १९४० साली कोमुराम भीम या गोंड पुढाऱ्याने जमिनीच्या व जंगलाच्या हक्कासाठी लढा दिला आणि पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. त्यानंतर सरकारचे डोळे थोडे उघडले. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी पाचारण करण्यात आले. १९४३ साली मार्लवाई या खेड्यात गोंड मुलांना त्यांच्याच भाषेतून शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी केंद्र निघाले.

या प्रदेशात आलेल्या अधिकाऱ्यास गोंडी येत नसे आणि गोंडास कचेरीची भाषा येत नसे. मग दोघांच्या मध्ये दुभाष्या उभा राही. हा दुभाष्या जर जमीन बळकावणाऱ्याच्या बाजूचा असला, तर काय होईल? गोंड म्हणे, माझे शेत माझ्या आजापासून माझे आहे. आणि कागदावर उतरे ते वेगळेच. एक चुकीचे भाषांतर आणि एका कुटुंबाची जमीन गेली! जो माणूस परक्याची भाषा शिकतो, तो त्याच्यावर उपकार करीत नाही. तो आपले कर्तव्य करतो, ही गोष्ट अशा ठिकाणी जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती ग्रंथालयात दिसत नाही.

सेतुमाधवरावांनी गोंडी भाषेचा अभ्यास केला. कोलामी भाषेचाही केला. या भाषा बोलणाऱ्यांची संख्या थोडी, त्यांत छापील पुस्तके जवळजवळ नाहीत, आणि त्या शिकल्याने सरकारदरबारी कोणाचा मान वाढत नसे. तरीही त्यांनी गोंडी व कोलामी यांची व्याकरणे लिहिली आणि आदिलाबादच्या गोंडांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. १९५० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकांचा पुढे भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनीही आधार घेतला. ज्या भाषेस कोणी विचारीत नव्हते, तिला नियम आहेत, रचना आहे, सौंदर्य आहे, हे व्याकरण लिहिण्यानेच सिद्ध होते. व्याकरण लिहिणे हा त्या भाषेचा एक प्रकारे सन्मानच असतो.

मध्यंतरी काळाने कूस बदलली. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, परंतु निजामाने हिंदी संघराज्यात सामील होण्याचे नाकारले. रझाकारांनी प्रजेवर अनन्वित अत्याचार केले. अखेर १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांत झालेल्या कारवाईने हैदराबाद संस्थान मुक्त झाले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेप्रमाणे राज्ये बनली, तेव्हा निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातून निघून उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले आणि मुंबई राज्यात आले. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तर १९८२ साली लातूर हा निराळा जिल्हा झाला. सेतुमाधवरावही आपल्या मुलखाप्रमाणेच मुंबई राज्यात आले आणि मोठ्या अधिकाराची पदे त्यांनी सांभाळली. महाराष्ट्र राज्य गॅझेटिअरचे कार्यकारी संपादक व सचिव म्हणून त्यांनी अनेक जिल्ह्यांची माहिती देणारे जाडजूड ग्रंथ सिद्ध केले.

या काळातच त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठे कार्य उभे राहिले. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, राजाराम महाराज आणि ताराबाई यांनी मोगलांशी जो प्रदीर्घ लढा दिला, त्याची हकिकत मराठी बखरींत व पत्रांत आहे. तशीच ती मोगलांच्या फारसी ग्रंथांतही आहे. भीमसेन सक्सेना हा बऱ्हाणपूरचा लेखक मोगल सरदार दलपतराव बुंदेला याच्या पदरी होता. दक्षिणेतील लढाया त्याने जवळून पाहिल्या. साकी मुस्तैदखानाने औरंगजेबाच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिला. खाफीखानाने मोगलांचा मोठा इतिहास रचला. याखेरीज बादशाही छावणीतून रोज निघणारी बातमीपत्रे होती. त्यांस अखबार म्हणत. फारसी न जाणणाऱ्या मराठी वाचकास हे सारे भांडार बंद होते. सेतुमाधवरावांनी त्याची कुलपे उघडली. या लेखकांचा मराठ्यांसंबंधीचा मजकूर आणि मोगल दरबाराची बातमीपत्रे त्यांनी मराठीत आणली.

हे काम किती कठीण होते, याची कल्पना करा. अखबार शिकस्ता नावाच्या घाईच्या वळणात लिहिलेले असत. फारसी लिपीत कित्येक अक्षरांची आकृती एकच असते. वर वा खाली दिलेल्या टिंबांनी ती ओळखावयाची असतात. शिकस्ता लिहिणारा कारकून घाईत ही टिंबेच गाळून टाकतो! त्यात भर म्हणजे आपला ट, ड, ण आणि ळ हे उच्चार मूळ फारसीत नाहीत. त्यामुळे सह्याद्रीतील एखाद्या किल्ल्याचे नाव त्या कागदात असे काही वेष पालटून येते की, ओळखीच्या माणसानेही त्यास ओळखू नये. तारखा हिजरी सनाच्या. त्या आपल्या तारखांशी जुळवून घ्याव्या लागतात. केवळ फारसी येऊन हे काम होत नाही. मराठ्यांचा इतिहास आणि महाराष्ट्राचा भूगोल हेही ठाऊक असावे लागतात.

परंतु याहूनही कठीण अशी एक परीक्षा होती. ती विद्वत्तेची नव्हे, सचोटीची होती. हे ग्रंथ मराठ्यांच्या शत्रुपक्षाने लिहिलेले. त्यांत महाराजांचे नाव आदराने घेतलेले नाही. ठिकठिकाणी अपशब्द आहेत, शिव्याशाप आहेत. हा मजकूर मराठी वाचकापुढे ठेवताना भाषांतरकाराने काय करावे? अपशब्द गाळावे? त्यांच्या जागी गौरवाचे शब्द घालावे? वाचक संतापतील म्हणून नको ती पाने उलटून पुढे जावे?

असे करणारे लोक जगात होऊन गेले आहेत. सर हेन्री इलियट या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील फारसी इतिहासग्रंथांचे उतारे इंग्रजीत आणण्याचे काम आरंभिले. त्याच्या मृत्यूनंतर जॉन डाउसन याने ते पुरे केले. १८६७ ते १८७७ या काळात त्याचे आठ खंड प्रसिद्ध झाले. खंड मोठ्या परिश्रमाने तयार झाले होते. अभ्यासकांस ते आजही उपयोगी पडतात. परंतु इंग्रजांचे राज्य पूर्वीच्या राज्यांपेक्षा किती चांगले आहे, हे हिंदी लोकांच्या मनावर ठसावे, असा हेतू इलियटने स्वतःच बोलून दाखविला होता. त्या हेतूने उतारे निवडले की, जुलमाच्या हकिकती पुढे येतात आणि लोकांच्या नित्याच्या एकत्र जगण्याच्या गोष्टी मागे पडतात. एकही शब्द खोटा न लिहिता असत्य सांगता येते ते असे! काय घेतले यावरूनच नव्हे, तर काय सोडले यावरूनही भाषांतरकाराची पारख होते.

सेतुमाधवरावांनी हा मोह टाळला. शत्रूने जे लिहिले ते त्यांनी शत्रूच्या आवेशासह मराठीत आणले. न्यायाधीश जसा प्रतिपक्षाच्या साक्षीदाराचे बोलणे मध्येच तोडीत नाही, तसे त्यांनी मोगल लेखकांस बोलू दिले. याचा परिणाम काय झाला? खाफीखान शिवाजी महाराजांची निंदा करतो; पण तोच खाफीखान असेही नमूद करतो की, महाराजांचा आपल्या लोकांस सक्त नियम होता. मशिदीस धक्का लावू नये, कुराणाची प्रत हाती आल्यास तिचा मान राखावा, आणि कोणाच्याही स्त्रियांस उपद्रव देऊ नये. आता विचार करा. निंदेचे शब्द भाषांतरकाराने गाळून टाकले असते, तर स्तुतीच्या या शब्दांवर तरी कोणी विश्वास ठेवला असता का? ज्याने कडू लपविले, त्याने गोडही पदरचे घातले असेल, अशी शंका कोणासही आली असती. शत्रूचे शब्द जसेच्या तसे ठेवल्यामुळेच शत्रूने दिलेली पावती खरी ठरली.

शिवाय या ग्रंथांतून दुसरेही काही हाती आले. मोगल छावणीतील महागाई, दुष्काळ, रोगराई, पुराने वाहून गेलेला सरंजाम, वर्षानुवर्षे घर न पाहिलेले सैनिक, दोन्ही सैन्यांच्या पायाखाली तुडवली जाणारी शेते, हे सारे भीमसेनाने लिहून ठेवले आहे. तो मराठ्यांविरुद्ध लढणाऱ्या सेनेबरोबर होता, तरी त्याचे डोळे उघडे होते. शत्रूच्या छावणीतही आपल्यासारखीच माणसे असतात, हे त्याचे लेखन वाचून मराठी वाचकास उमगले.

सेतुमाधवरावांची आणखी एक कामगिरी आपण विसरता कामा नये. संस्थान मुक्त झाल्यावर ज्यांनी जुलूम सोसला होता, त्यांच्या मनात राज्यकर्त्यांविषयी संताप होता. आणि हा संताप राज्यकर्त्यांच्या भाषेवरही सहज उतरत असे. परंतु भाषेने कोणावर जुलूम केला नव्हता. उर्दू ही केवळ निजामाची भाषा नव्हती. तिचे दखनी रूप याच मातीत, बिदर, गुलबर्गा आणि गोवळकोंडा या भागांत वाढले होते. वली आणि सिराज हे तिचे थोर कवी आपल्या औरंगाबादशी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराशी, नाते सांगणारे. शेजाऱ्याच्या ओठांवरची ती भाषा होती. सेतुमाधवरावांनी सूफी संप्रदायाचे तत्त्वज्ञान आणि कार्य समजावून देणारा ग्रंथ मराठीत लिहिला. मिर्झा गालिब या महाकवीच्या उर्दू गझलांचा परिचय मराठी वाचकांस करून देणारा ग्रंथही त्यांनी लिहिला. ज्या भाषेत जप्तीचे हुकूम वाचले होते, त्याच भाषेत मनुष्याच्या हृदयाचे दुःख किती कोमलपणे बोलते, हे त्यामुळे मराठी माणसास कळले. अन्यायाचा विसर पडू न देता द्वेष टाळणे, ही गोष्ट सोपी नाही. ती त्यांनी करून दाखविली.

त्यांनी आपले आत्मचरित्रही लिहिले. त्याचे नाव जीवनसेतू. १९९२ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण हा किताब देऊन त्यांच्या विद्वत्तेचा गौरव केला. १४ ऑक्टोबर १९९४ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांच्या नावातच सेतू आहे. सेतू म्हणजे पूल. चांगल्या पुलाचे लक्षण काय? तो दोन्ही तीरांवर भक्कमपणे टेकलेला असतो. एकाच तीराशी जडलेला आणि दुसरीकडे अधांतरी राहिलेला पूल वाटसरूस पाण्यात घालतो. केवळ आपल्या लोकांस आवडेल तेवढेच सांगणारा भाषांतरकार अशा अर्ध्या पुलासारखा होय. दोन्ही तीरांशी इमान राखणारा भाषांतरकार क्वचितच जन्मास येतो.

देवणी, उदगीर, निलंगा या सीमेवरच्या गावांत आजही मुले घरी एक भाषा बोलतात, शाळेत दुसरी शिकतात आणि बाजारात तिसरी ऐकतात. आजीचे कानडी बोलणे शेजाऱ्यास मराठीत सांगणारी एखादी मुलगी, किंवा उर्दू बोलणाऱ्या मित्राचा निरोप गुरुजींस मराठीत कळविणारा एखादा मुलगा, न कळत तेच काम करीत असतो, जे सेतुमाधवरावांनी जन्मभर केले. मुलांनो, दुसऱ्याचा शब्द तुमच्या हाती येईल, तेव्हा तो दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेली ठेव आहे, हे ध्यानात ठेवा. ती ठेव वाढवू नये, घटवू नये. जशी घेतली तशीच ज्याची त्याच्या स्वाधीन करावी.